न्यायाधीश कोणाचा? प्रजासत्ताक टिकवण्यात न्यायालयाची भूमिका आणि नागरिकांचं कर्तव्य

मोठ्या खटल्याचा निकाल जवळ आला की आपल्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जज कोण आहे?" नाव कळलं की नावावरून धर्म काढला जातो आणि धर्मावरून निकालाचा अंदाज. निकाल बाजूने लागला तर संविधान जिंकलं, विरोधात गेला तर सगळं आधीच ठरलेलं होतं! या दोन्ही प्रतिक्रियांत दोन गोष्टी राहून जातात. न्यायाधीशाचं काम नेमकं काय, आणि आपलं काम काय?

भारतीय संविधान 26 जानेवारी 1950 रोजी लागू झालं. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक पिढीसमोर आला आहे. या लेखात आम्ही त्याचा विचार काही खऱ्या खटल्यांच्या आधारे करणार आहोत. त्यातले काही अभिमान वाटावा असे आहेत, तर एक मान खाली घालायला लावणारा. त्या एका खटल्यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

न्यायाधीशाच्या हातात काय असतं?

सरकारकडे पोलीस असतात, लष्कर असतं. संसदेकडे कायदा करण्याचा आणि तिजोरीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार असतो. न्यायाधीशाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतो कायदा, समोर आलेला पुरावा आणि निकाल लिहिण्यासाठी पेन. त्याचा निकाल पाळला जातो, कारण तो पाळायचा असतो हे सरकार आणि जनता दोघांनी मान्य केलेलं असतं.

म्हणूनच संविधानाने न्यायाधीशाभोवती काही भिंती उभ्या केल्या. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार मनात आलं म्हणून काढू शकत नाही. त्यासाठी सिद्ध झालेला गैरवर्तनाचा किंवा अक्षमतेचा ठपका लागतो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचं विशेष बहुमत लागतं. नेमणुकीनंतर त्याचा पगार त्याचं नुकसान होईल अशा रीतीने कमी करता येत नाही. पदावर बसताना तो शपथ घेतो ती संविधान आणि कायद्याशी निष्ठेची. कोणाची भीती नाही, कोणावर मेहेरबानी नाही, कोणाबद्दल माया नाही आणि कोणाचा आकस नाही, असा त्या शपथेचा आशय आहे.

मात्र एक गोष्ट न्यायाधीश सहसा स्वतःहून करत नाही. तो अन्याय शोधत गल्लोगल्ली फिरत नाही. काही मोजके अपवाद सोडले तर कुणीतरी अर्ज घेऊन दाराशी यावं लागतं. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क कलम 32 देतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत या कलमाला संविधानाचं हृदय आणि आत्मा मानलं होतं. उच्च न्यायालयासाठी तसंच कलम 226 आहे. दार संविधानाने बांधून दिलं, पण ते ठोठावणं नागरिकावर सोपवलं.

टिळकांचा जामीन आणि न्यायमूर्ती तय्यबजी

संविधानाच्या आधीचा, पण आपल्या मुंबईतला एक प्रसंग पाहू. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तल्या लिखाणावरून राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले. खटला सत्र सुनावणीसाठी उच्च न्यायालयाकडे आल्यावर पुन्हा अर्ज झाला आणि तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर आला.

तय्यबजी मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. 1893 च्या मुंबई दंगलीला तेव्हा चारच वर्षं झाली होती. हिंदू-मुस्लिम संबंध ताणलेले होते आणि टिळकांचं राजकारण अनेक मुस्लिमांना रुचत नव्हतं. वर सरकार इंग्रजांचं आणि खटला थेट त्या सरकारविरुद्धच्या लिखाणाचा. आजच्या टपरीवरच्या हिशेबाने अंदाज बांधला असता तर टिळकांना जामीन मिळण्याची शक्यता शून्य होती.

तय्यबजींनी जामीन दिला. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे आणि तो खटल्याला हजर राहील याची खात्री असली पाहिजे, एवढाच प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी तेवढाच पाहिला. पुढे ज्युरीच्या बहुमताने टिळकांना दोषी ठरवलं आणि दुसऱ्या न्यायाधीशाने 18 महिन्यांची शिक्षा दिली, तो भाग वेगळा.

याला एक दुसरी बाजूही आहे. जामिनाच्या त्या अर्जावर टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील दिनशा दावर पुढे स्वतः न्यायाधीश झाले. 1908 मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला चालला तो त्यांच्याच समोर. यावेळी जामिनासाठी बॅरिस्टर जिना यांनी युक्तिवाद केला. दावर यांनी जामीन नाकारला आणि ज्युरीने दोषी ठरवल्यावर सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. 1956 मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांच्या हस्ते, शिक्षा ऐकल्यावर टिळकांनी काढलेले उद्गार कोरलेली पाटी त्या कोर्टाबाहेर लावली गेली.

ज्याला परका समजावं त्याने न्याय्य मागणी मान्य केली, आणि जो कधीकाळी वकील होता त्याने शिक्षा दिली. माणसाच्या नावावरून, धर्मावरून किंवा जुन्या ओळखीवरून न्यायाचा अंदाज बांधणं किती फसवं आहे, हे यातून दिसतं.

काझीकडून काय अपेक्षित होतं?

मुस्लिम समाजाला ही कल्पना नवी नाही. कुरआनातल्या सूरह निसाच्या 135 व्या आयतीचा आशय असा की इन्साफावर ठाम उभे राहा, मग साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी. सूरह माइदाच्या 8 व्या आयतीत सांगितलं आहे की एखाद्या समूहाबद्दलचा राग तुम्हाला इन्साफापासून दूर नेता कामा नये.

हजरत अली खलिफा असतानाची चिलखताची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. हरवलेलं चिलखत एका गैरमुस्लिम माणसाकडे दिसलं, तेव्हा खलिफा काझी शुरैह यांच्यासमोर गेले. काझींनी साक्षीदार मागितले. मुलाची साक्ष बापासाठी चालणार नाही म्हणाले आणि पुरावा अपुरा ठरवून निकाल खलिफांच्या विरोधात दिला, असं परंपरेत सांगितलं जातं. या गोष्टीत काझीइतकीच महत्त्वाची भूमिका खलिफांची आहे. हातात सत्ता असून ते फिर्यादी म्हणून गेले आणि हरल्यावर निकाल मानला. न्यायाधीशाचा निःपक्षपातीपणा टिकतो तो असा, दोन्ही बाजूंनी.

28 एप्रिल 1976 : न्यायालय चुकलं तो दिवस

आता मान खाली घालायला लावणाऱ्या खटल्याकडे येऊ. 25 जून 1975 रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम 14, 21 आणि 22 खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करण्यात आली. हजारो लोक 'मिसा' कायद्याखाली खटल्याविना तुरुंगात गेले. त्यांच्या वतीने उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे अर्ज झाले. हेबियस कॉर्पस म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर आणा आणि का डांबलं ते सांगा, असा आदेश मागणारा अर्ज. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणीतही स्थानबद्धता कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक होतं.

सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. एडीएम जबलपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरलना विचारलं की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर काही उपाय आहे का? उत्तर आलं की सरकारच्या युक्तिवादानुसार आणीबाणी असेपर्यंत नाही.

28 एप्रिल 1976 रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. बहुमतात होते सरन्यायाधीश ए. एन. रे, न्यायमूर्ती एम. एच. बेग, पुण्याचे न्यायमूर्ती वाय. व्ही. चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती. बेग यांनी तर निकालात लिहिलं की सरकार स्थानबद्धांची जवळपास आईच्या मायेने काळजी घेतं!

त्याच दिवसांत बाहेर काय चाललं होतं? निकालाच्या नऊच दिवस आधी, 19 एप्रिलला, दिल्लीच्या तुर्कमान गेट भागात घरं पाडायला विरोध करणाऱ्या, बहुतांश मुस्लिम असलेल्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. माणसं मेली, घरं जमीनदोस्त झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असल्यामुळे देशाला नीट बातमीही मिळाली नाही. अशा काळात, सरकारने बेकायदा डांबलं तरी न्यायालयाचं दार बंद आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

विरोधात एकटे खन्ना उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क संविधानाने बक्षीस दिलेला नाही. कलम 21 नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय राज्याला कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता आलं नसतं. कायद्याचं राज्य म्हणायचं असेल तर एवढं मानावंच लागतं. याची किंमत काय असेल ते त्यांना माहीत होतं. सरन्यायाधीशपद जाणार, हे त्यांनी निकालाआधीच आपल्या बहिणीला सांगितलं होतं. झालंही तसंच. जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बेग मुस्लिम होते. तुर्कमान गेटच्या पीडितांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. खन्ना त्यांच्या समाजाचे नव्हते, पण त्या माणसांचा हक्क कागदावर जिवंत राहिला तो खन्नांच्या निकालात. खंडपीठावर आपल्या समाजाची माणसं असावीत ही मागणी रास्तच आहे. न्यायपालिकेत देशाचं प्रतिबिंब दिसायला हवं. फातिमा बीवी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, नागपूरचे मोहम्मद हिदायतुल्ला 1968 मध्ये सरन्यायाधीश झाले, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण प्रतिनिधित्व ही एक गोष्ट आणि न्याय ही दुसरी. पहिली मिळाली की दुसरी आपोआप मिळते, असं समजू नये.

न्यायालय चुकलं तेव्हा नागरिकांनी काय केलं?

एकट्या न्यायाधीशाचं भिन्नमत कायदा बदलू शकत नाही. 1976 मध्ये तो निकाल देशाचा कायदा होता. तो उलटला कसा?

पहिलं पाऊल नागरिकांनी टाकलं. मार्च 1977 मध्ये निवडणुका झाल्या. ज्यांची घरं पडली होती, ज्यांच्यावर सक्तीच्या नसबंदीची दहशत होती, ज्यांचे नातलग तुरुंगात होते, ते रांगेत उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून हरल्या. दिल्लीतल्या सातही जागा काँग्रेसने गमावल्या. सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढलेले सिकंदर बख्त चांदनी चौकातून निवडून आले. याच काळात निवृत्त न्यायाधीश छागला यांच्यासारखी माणसं आणीबाणीविरुद्ध उघडपणे बोलत होती. न्यायाधीशाने झगा उतरवला तरी नागरिकत्व उतरत नाही.

दुसरं पाऊल संसदेचं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही कलम 20 आणि 21 चे हक्क निलंबित करता येणार नाहीत. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं सैल कारण काढून तिथे 'सशस्त्र बंड' आलं. तिसरं पाऊल न्यायालयाचं, पण त्याला खूप उशीर झाला. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एडीएम जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. तो चुकीचा होता हे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे 1976 च्या बहुमतातल्या न्यायमूर्तींचे चिरंजीव. न्यायमूर्ती भगवती यांनी त्याआधीच, 2011 मध्ये, आपल्या त्या निकालाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

खन्नांनी कायद्यात योग्य वाट दाखवून ठेवली. मतदारांनी ती उघडली. संसदेने ती पक्की केली. यातला एकही दुवा निसटला असता तर आजही आपण 1976 मध्येच असतो.

कर्तव्य म्हणजे गप्प बसणं नव्हे

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संविधानातली मूलभूत कर्तव्यांची यादी, म्हणजे कलम 51 क, मूळ संविधानात नव्हती. ती आणीबाणीतच, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आली. तेव्हा दहा कर्तव्यं होती. मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं अकरावं कर्तव्य 2002 मध्ये जोडलं गेलं. त्यामुळे 'आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा' असं कुणी म्हणालं की अनेकांच्या मनात शंका येते. ती अगदीच निराधार नाही.

पण यादी नीट वाचा. संविधान पाळणं, स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श जपणं, धर्म-भाषा-प्रदेश यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, वैज्ञानिक दृष्टी वाढवणं, सार्वजनिक मालमत्ता जपणं आणि हिंसा टाळणं. यात 'सरकारला प्रश्न विचारू नका' असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट संविधान पाळायचं तर जो ते मोडतो त्याला हटकावं लागतं. तसंच ही यादी आपल्यालाही आरसा दाखवते. बहिणीचा वारसा हक्क मारून दुसऱ्या दिवशी हक्कांच्या मोर्चात जाणाऱ्याने तो आरसा जरूर पाहावा.

नोटीस येते तेव्हा

न्यायाधीशाचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, याचं अगदी ताजं उदाहरण म्हणजे 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझर कारवाईवरचा निकाल. जमियत उलमा-ए-हिंद आणि इतरांच्या याचिकांवर न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी तो दिला. अमरावतीचे गवई पुढे सरन्यायाधीश झाले. कुणी आरोपी आहे, इतकंच काय गुन्हा सिद्ध झाला आहे, म्हणून त्याचं घर पाडणं हे काम प्रशासनाचं नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. घर पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, कारवाईचं चित्रीकरण, हे सगळं बंधनकारक केलं. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते, हेही सांगितलं. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम आणि जिथे न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश आहे, तिथे मात्र हे संरक्षण नाही.

निकाल मोठा आहे. पण दाराला नोटीस चिकटवली जाते तेव्हा न्यायमूर्ती तिथे नसतात. ती नोटीस कुणीतरी वाचायला हवी, तारीख पाहायला हवी, लेखी उत्तर देऊन त्याची पोच घ्यायला हवी, सुनावणीला कागदपत्रं घेऊन जायला हवं. नोटीस फाडून टाकली किंवा 'बघू' म्हणून बाजूला ठेवली, तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले 15 दिवस असेच निघून जातात.

आपण काय करू शकतो?

मोठ्या शब्दांपेक्षा काही साध्या गोष्टी सांगतो. मोहल्ला कमिटी, जमात, महिला मंडळ, कुणालाही त्या सुरू करता येतील.

• कागदपत्रं जपा. घराचा करारनामा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, जन्मदाखले एका फाइलमध्ये ठेवा, त्यांच्या प्रती वेगळ्या जागी ठेवा. न्यायाधीश पुराव्यावर चालतो.

• अटकेचे नियम पाठ करा. कलम 22 नुसार अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाचा सल्ला घेता येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत.

• मोफत वकील मागा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100 आहे आणि प्रत्येक जिल्हा न्यायालयात याचं कार्यालय असतं.

• माहिती मागवा. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावं लागतं, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत.

• मतदारयादी तपासा. नवं नाव नोंदवायला नमुना 6, दुरुस्तीला नमुना 8. निवडणुकीच्या दिवशी यादीत नाव शोधत फिरण्यापेक्षा आजच पाहा.

• साक्ष द्या. अपघात, मारहाण, घरगुती हिंसा डोळ्यांदेखत पाहूनही आपण 'कोर्टाची झंझट नको' म्हणतो. साक्षीदारच आला नाही तर जगातला सर्वात प्रामाणिक न्यायाधीशही काही करू शकत नाही.

• निकाल वाचा, मग बोला. निकालावर टीका करण्याचा पूर्ण अधिकार आहे. न्यायाधीशाच्या जाती-धर्मावरून शिवीगाळ करणारा मेसेज पुढे ढकलणं म्हणजे टीका नव्हे.

• मुलांना या क्षेत्रात पाठवा. इंजिनिअर आणि डॉक्टरांच्या स्वप्नांमध्ये वकील आणि न्यायाधीशही असू द्या. तालुका पातळीवरच्या कनिष्ठ न्यायाधीशांच्या परीक्षा होत असतात, त्यासाठी अभ्यासवर्ग सुरू करता येतील.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना आता उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही. दार जवळ आलंय. अडचणीही आहेतच. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या घरात खटले तुंबले आहेत आणि कच्चे कैदी वर्षानुवर्षं तारखा मोजतात. आपल्या समाजातल्या कितीतरी तरुणांची उमेदीची वर्षं अशी गेली आहेत आणि निर्दोष सुटल्यावर ती कुणी परत दिली नाहीत. व्यवस्थेवर विश्वास ठेवा असं त्यांना सांगताना जीभ अडखळते. तरीही निर्दोष सुटका मिळाली ती न्यायालयातूनच, चिकाटीने लढणाऱ्या वकिलांमुळे आणि पुरावा नीट पाहणाऱ्या न्यायाधीशामुळे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईट ठरेल. राबवणाऱ्यांत न्यायाधीश येतात, मंत्री येतात, तहसीलदार आणि ठाणेदार येतात. आणि आपणही येतो. म्हणून पुढच्या वेळी निकालाआधी "जज कोण आहे?" असं विचारावंसं वाटलं, तर आणखी दोन प्रश्न विचारू या. कायदा काय म्हणतो? आणि आपल्या बाजूचे कागद पूर्ण आहेत का? न्यायाधीशाला खन्ना बनता येईल की नाही हे आपल्या हातात नाही. त्याच्यासमोर जाणारी आपली बाजू भक्कम ठेवणं मात्र नक्कीच आहे.